सत्कार पुरे, आता फी भरा



या सभेचं अध्यक्षपद एकदाच मिळतं, म्हणून इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज बोलतो. गुणवंतांचे सत्कार बंद करा! या शाली आणि ट्रॉफ्यांनी गिरणगावाचं जितकं नुकसान केलं, तितकं गिरणीमालकांनीही केलं नसेल.

निकाल लागला की मंडळांना पोरं आठवतात. गुलाबपुष्प, डझनभर वह्या, फोटो. तोच पोरगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला लागला की त्याच्या दारात कुणी फिरकत नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, २०२४-२५ पासून मुलींचं पूर्ण माफ झालं. सरकारने हे चांगलंच केलं. पण उरलेली निम्मी फी? लॅपटॉप? महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचे पैसे जमा होईपर्यंत कॉलेजच्या खिडकीवर बापाने काय सांगायचं? मराठी शाळेतून आलेल्या पोराला पहिल्याच सेमिस्टरला गणितात केटी लागते, तेव्हा त्याच्याशेजारी कोण बसतं?

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हाही सत्कार झाला. चर्नी रोडच्या बागेत त्यांना वाचताना पाहणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर तिथे होते. त्यांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि तिथेच थांबले नाहीत. इंटरनंतर भीमरावांच्या सुभेदार वडिलांचे पैसे संपले, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेबांच्या जयंतीला मोठमोठे फ्लेक्स लावणाऱ्या आपल्या काही पुढाऱ्यांनी किती केळुसकर घडवले? नावं घेत नाही. त्यांनी उठून हिशेब द्यावा.

माझं स्वतःचं सांगतो. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आमची १६० चौरस फुटांची खोली. मशीन ड्रॉइंगचा बोर्ड मावायचा नाही. सगळे झोपल्यावर त्याची एक कड खाटेवर, दुसरी पिठाच्या डब्यावर टेकवून मी शीट पुरी करायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला. माझी टर्मची फी भरली ती आमच्या खानावळवाल्या मावशीने. तिची स्वतःची उधारी तुंबलेली होती. पुढच्या टर्मला तिनेच येऊन विचारलं, ‘भरलीस का रे?’ तिने मला कधी शाल दिली नाही. मी इंजिनीअर झालो तो त्या एका प्रश्नावर.

गिरणी युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांना मी दोष देत नाही. पोरांसाठी जे जमलं, ते त्यांनी केलं. दोष आहे तो वर्गणी गोळा करून कमानी उभारणाऱ्यांचा.

म्हणून ठराव मांडतो. सत्काराचा सगळा खर्च फी-निधीत जमा करावा. प्रत्येक मंडळाने इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी पहिल्या वर्षापासून पदवीपर्यंत सांभाळावा. शिष्यवृत्ती येईपर्यंतची फी निधीतून भरावी. वापरायला लॅपटॉप द्यावेत. इथून शिकून कंपन्यांत लागलेल्यांनी रविवारी अभ्यासिकेत बसून गणित आणि प्रोग्रामिंग शिकवावं.

हा ठराव याच सभेत, हात वर करून मंजूर करा. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी तो फी थकलेल्या पोराच्या आईसमोर उभं राहून बोलून दाखवावा.