घराचा हक्क हा मुलांचा हक्क
(कोयनानगर येथील बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



धम्मदीक्षा घेऊन आपण जुनी ओळख टाकली. परंतु भाड्याची खोली पाहावयास गेलो की मालक प्रथम आडनाव विचारतो, मग मुले किती ते विचारतो, आणि ‘खोली दिली गेली’ असे सांगतो. ते शब्द आपले मूल शेजारी उभे राहून ऐकत असते. म्हणून घराचा हक्क हा प्रथम मुलांचा हक्क होय.

याच सातारा जिल्ह्यात 1901 साली बाल भीमराव भावाभाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे देऊन निघालेल्या त्या मुलांस वाटेत पाणी मिळाले नाही. अन्न जवळ असून ती उपाशी निजली. पुढे 1917 साली बडोद्यास उच्चविद्याविभूषित बाबासाहेबांस पारशी विश्रामगृहातून काढण्यात आले. केवळ विद्येने दार उघडत नाही. तिला कायद्याचे बळ लागते.

ते बळ आज आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा राहण्यास अडथळा करणे गुन्हा आहे. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता कसल्या सवलती?’ असे कोणी म्हणेल, तर 1990 साली बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, हे त्यास सांगा. मात्र मुले आहेत म्हणून खोली नाकारणे आपल्या भाडेकायद्यात गुन्हा नाही. अमेरिकेने 1968 च्या गृहकायद्यात 1988 साली दुरुस्ती करून मुले असलेल्या कुटुंबांस संरक्षण दिले. तशी मागणी आपणही केली पाहिजे. कारण मुलांचे निमित्त पुढे केले की जातीचे कारण लपविता येते.

कोयनेच्या लोकांस घर जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा 1976 साली झाला. धरणाने गावे त्यापूर्वीच उठविली होती. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने घरे पाडताना जात विचारली नाही. मग जागा देताना माणसांनी ती का विचारावी? आजच्या पुनर्वसन कायद्यात घराचा भूखंड कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे ठरतो. म्हणून यादीत प्रत्येक मुलाचे नाव घाला, जन्माचे दाखले जपा. गावठाणाच्या कडेची वेगळी रांग पत्करू नका. चिठ्ठ्या टाकून वाटप मागा. भाड्याने राहाल तर करार लेखी व नोंदलेला असू द्या. 1999 च्या भाडेकायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे.

शेवटचे सांगणे हे की, खोलीसाठी आडनाव लपवू नका. दोष नाकारणाऱ्याचा आहे, हे खरे. परंतु ‘येथे जयभीम म्हणू नकोस’ असे मुलास शिकविले, तर चौथे शील आपण उंबऱ्यावरच मोडले आणि भीतीस मात्र घरात घेतले. घर चार दिवस उशिरा मिळो. पण ज्या दारात आपले मूल निर्भयपणे खरे नाव सांगेल, तेच घर घ्या.

जयभीम.