फुप्फुसाबाहेरील क्षयाचें निदान

क्षय म्हटला कीं खोकला आणि बेडक्यांतील रक्त हींच चिन्हें डोळ्यांपुढें येतात. परंतु मानेतील गांठी, पाठीचा कणा, आंतडीं, एवढेंच नव्हे तर मेंदूचें आवरणही हा रोग ग्रासतो. भारतांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें पांचांत एकाला तो फुप्फुसाबाहेर झालेला असतो. आणि तेथें त्याचा पत्ता लावणें प्रयोगशाळेलाही कठीण जातें.

इ. स. १८८२ मध्यें रॉबर्ट कॉखनें क्षयाचा जंतु दाखवून दिला. रंग देऊन तो सूक्ष्मदर्शकाखालीं सहज दिसावा, तर नमुन्याच्या एका मिलिलिटरांत सुमारें १०,००० जंतू असावे लागतात. बेडक्यांत ते पुष्कळदां असतात. मेंदूभोंवतालच्या पाण्यांत क्वचितच. जंतूंची लागवड करण्यास थोडे जंतूही पुरतात, पण ते फार सावकाश वाढत असल्यानें उत्तर येण्यास कित्येक आठवडे जातात. मेंदूच्या आवरणाचा क्षय तितके दिवस थांबत नाहीं.

ही अडचण नागपूरच्याच संशोधकांनीं हातीं घेतली. मनीषनगराहून फार दूर नसलेल्या बजाजनगर भागांत सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ही संस्था आहे. जंतु सांपडत नसेल तर त्याची खूण तरी शोधावी, ही तेथील दिशा. अशा रोग्यांच्या मेंदूजलांत जंतूनें सोडलेलीं 'अँटिजेन ८५' गटांतील प्रथिनें आढळतात, हें २००५ च्या निबंधांत दाखविलें गेलें. २००६ मध्यें एडीए या एन्झाइमच्या मोजमापाचा उपयोग तपासला गेला. ही तपासणी स्वस्त खरी, परंतु इतर दाहांतही एडीए वाढतें. म्हणून तिची साक्ष पूरकच समजावी.

जंतूचें जनुकद्रव्य ओळखणारी जीनएक्सपर्ट चाचणी जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ मध्यें फुप्फुसाबाहेरील कांहीं नमुन्यांसाठींही मान्य केली. ती सुमारें दोन तासांत उत्तर देते, आणि जंतु सांपडल्यास रिफॅम्पिसिन हें औषध त्यावर चालेल कीं नाहीं तेंही सांगते. मात्र तिनें 'नाहीं' म्हटलें म्हणजे रोग नाहींच, असें होत नाहीं.

म्हणून श्रोत्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. गांठीचा तुकडा काढावयाचा असेल, तर तो सगळाच फॉर्मलिनमध्यें जाऊं नये. त्यांत जंतू मरतात व लागवड होत नाहीं. एक भाग मिठाच्या निर्जंतुक पाण्यांत पाठवावा लागतो. हें डॉक्टरांना आधींच विचारावें. दुसरें, 'जंतू आढळले नाहींत' एवढें वाचून आपल्या मनानें औषध बंद करूं नये. लक्षणें, मेंदूचें चित्रण, मेंदूजलांतील साखर, प्रथिनें व पेशी यांचा मेळ घालून डॉक्टर तें सुरू करतात. कारण या रोगांत उपचारास झालेला विलंब जिवावर बेततो.