झबली-टोपडी आणि घरचं शिलाई मशीन

शिवणाची आवड असलेल्या बाईने लहान मुलांचे कपडे विकायला काढले, की पहिला आक्षेप येतो: बाजारात तयार फ्रॉक इतके स्वस्त असताना तुमचे कोण घेणार? रोजच्या फ्रॉकपुरतं ते खरंच आहे. कारखान्यात कापडाचे थर रचून एकदम कापतात. त्या भावाशी घरच्या मशीनने झुंजू नये. पण बारशाची कुंची, बाळंतविड्यातली झबली-टोपडी, बोरन्हाणाचा काळा झगा, खणाचं परकर-पोलकं यांना नेमकं माप, हौस आणि ठरलेला दिवस लागतो. खरी संधी तिथे आहे.

मूल भराभर वाढतं, मग पालक खर्च कशाला करतील, असंही म्हणतात. उलट त्यामुळेच गिऱ्हाईक पुन्हा येतं. शिवाय परकराला आतून दुमड ठेवली, तर ती उसवून उंची वाढवता येते. सुती कापड आटतं, म्हणून ते आधी धुवूनच बेतावं. झबल्याला बटणं नकोत, बंदच हवेत. तुटलेलं बटण बाळ तोंडात घालतं. किंमत ठरवताना कापड-दोऱ्याबरोबर स्वतःचे तासही धरावेत, नाहीतर विक्री वाढूनही हाती काही उरत नाही. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, आणि २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही शिंपीकामाचा समावेश आहे.