मोजलेले आणि मानलेले
(व्याख्यानाचे लिखित रूप)



आपण बडोद्यात जमलो आहोत. इथून जवळच, खंभातपाशी लुणेजला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. त्यामुळे 'यंत्र लावले की जमिनीखालचे तेल कळते' असे आपण सहज बोलून जातो. आज मी या 'कळते'विषयी बोलणार आहे.

विद्युत सर्वेक्षणात जमिनीत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील विभवांतर मोजतात. त्यावरून खडकाची रोधकता निघते. सळयांतले अंतर वाढवले की अधिक खोलीचा अंदाज येतो. बहुतेक खडकांचे कण वीज फारशी वाहून नेत नाहीत; ती वाहते छिद्रांतल्या खाऱ्या पाण्यातून. त्या छिद्रांत तेल किंवा वायू शिरला की रोधकता वाढते. पण गोडे पाणी, घट्ट चुनखडी, मीठ यांनीही ती वाढते. यंत्राला आकडा मिळतो. 'तेल' हा शब्द माणूस जोडतो.

फ्रान्सच्या कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ साली नॉर्मंडीत जमिनीवरून असे मापन करून पाहिले. पुढे ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सासमधील पेशेलब्रॉन येथे त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरण थेट तेलविहिरीत उतरवले. ठरावीक अंतरावर थांबून रोध मोजायचा आणि कागदावर बिंदू मांडायचा. विहिरीच्या विद्युत नोंदीची ही सुरुवात. १९४२ साली अमेरिकेच्या गस आर्ची यांनी रोधकता, सच्छिद्रता आणि पाणी यांचे गणित मांडले. त्यातही तेल थेट मोजले जात नाही. छिद्रांत पाणी किती ते काढायचे आणि उरलेली जागा तेला-वायूची मानायची.

सौराष्ट्रात अडचण वेगळी आहे. तिथल्या बेसॉल्टच्या जाड थरांमुळे भूकंपलहरींनी खालचे चित्र स्पष्ट मिळत नाही. तिथे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इतर पद्धतींबरोबर मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत वापरली. तिच्यात प्रवाह सोडावा लागत नाही. विजांचा कडकडाट आणि सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण यांमुळे पृथ्वीत जे नैसर्गिक प्रवाह उमटतात, तेच मोजतात. जास्त रोधकतेच्या बेसॉल्टखाली कमी रोधकतेचे गाळाचे खडक असल्याचे दिसून आले. तेल असेल तर अशा खडकांत असेल, इतकेच त्यावरून म्हणता येते.

हा शब्दच्छल नव्हे. आमच्या एका नातेवाइकांच्या शेतात याच पद्धतीने पाणी पाहिले. अहवालात लिहिले होते, 'अमुक खोलीवर रोधकता कमी'. यंत्रवाल्याने सांगितले, 'पाणी आहे.' त्यांनी कर्ज काढून बोअर मारली. निघाली चिकणमाती. तिचीही रोधकता कमीच असते. आकडा खरा होता; वाक्य खोटे होते.

शालेय पुस्तकांनी 'रोधकता' हा नेमका शब्द आपल्याला दिला आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे, की व्याख्येबरोबर मुलांना दोन वाक्ये वेगळी लिहायला शिकवा: मोजले काय, आणि त्यावरून मानले काय. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या आपण सर्वांनीही एवढे पथ्य पाळावे. एखाद्याचे शेत त्या वाक्यावर गहाण पडू शकते.