तुरुंगाच्या भिंतीवरील चित्र



चित्राने सुंदर असावे, राजकारणात पडू नये, असे म्हणणारे विद्वान आपणांस पुष्कळ भेटतील. चित्रशाळेच्या दारातच ज्यांना अडविले जाते, त्यांना हे म्हणणे परवडत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९३० साली जन्मलेल्या फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्त्री अशांपैकीच एक होत्या. काळ्यांच्या चळवळीत त्या स्त्री म्हणून मागे आणि गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत काळ्या म्हणून परक्या. ही दुहेरी कोंडी आपल्या भगिनींना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९७० साली बाई व त्यांच्या सहकारिणी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात निदर्शने करण्यास गेल्या. प्रदर्शनातील निम्मे कलावंत स्त्रिया असाव्यात, ही त्यांची मागणी होती. परंतु संग्रहालयात शिरणे एवढेच बाईंचे ध्येय नव्हते. १९७१ साली त्यांनी रायकर्स बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगासाठी मोठे चित्र काढावयास घेतले. कुंचला उचलण्यापूर्वी त्या बंदिवान स्त्रियांकडे गेल्या आणि तुम्हांला काय पाहावयास आवडेल, असे त्यांनी विचारले. येथून बाहेर नेणारी वाट दाखवा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. चित्रकाराने ज्यांच्यासाठी चित्र काढावयाचे त्यांनाच आधी विचारावे, ही गोष्ट मला त्या चित्राच्या रंगरेषांहूनही मोठी वाटते.

मग त्या चित्रात काय आले? बस चालविणारी स्त्री आली, वैद्यकी शिकविणारी आली, पोलिसाच्या वेषातील आली, चेंडूचा खेळ खेळणाऱ्या आल्या. विवाहप्रसंगी वधूजवळ पित्याऐवजी तिची आई उभी आहे. एक स्त्री राष्ट्राध्यक्ष झालेली आहे. अमेरिकेने ते पद आजवर एकाही स्त्रीस दिलेले नाही! संपूर्ण चित्रात पुरुष एकही नाही.

१९८८ साली त्या इमारतीत पुरुष कैदी आणण्यात आले, आणि चित्रावर पांढरा रंग फासण्यात आला. चित्र नुसते उतरवून ठेवता आले असते. ज्याला काही अर्थ नाही, ते पुसण्यासाठी रंगाचा डबा कोण उघडतो?

तुरुंगातीलच एका पहारेकऱ्याने ते चित्र नष्ट होऊ दिले नाही. पुढे वरचा पांढरा रंग काढण्यात आला, आणि बेटावरील स्त्रियांच्या दुसऱ्या तुरुंगात ते पुन्हा बंदिवान स्त्रियांसमोर लावण्यात आले.