वस्त्रांतील चांदी

हल्लीं बाजारांत कांहीं मोजे, बनियन आणि अभ्रे असे मिळतात कीं, त्यांच्या वेष्टनावर ‘जंतुनाशक’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. या कापडांत चांदीचे, तांब्याचे किंवा जस्ताच्या भस्माचे अतिसूक्ष्म कण बसविलेले असतात. अशा वस्त्रासाठीं अधिक दाम मोजावे काय, हा प्रश्न आपणांपैकीं अनेकांना पडला असेल. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं हे कण काम कसें करतात तें पाहूं.

घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. कातडीवरील जंतु घामांतील द्रव्यांचें विघटन करतात व त्यांतून दुर्गंधि उत्पन्न होते. जंतु आवरले कीं वासहि आवरतो. धातूंच्या अत्यल्प अंशानेंहि सूक्ष्म जीव मरतात, असें स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनीं दाखविलें. त्यांचा हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यांत रात्रभर ठेवलेल्या पाण्यांतील कित्येक जंतु नष्ट होतात, तेंहि याच गुणामुळें.

चांदीचें कार्य असें चालतें: ओलावा मिळाला म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरून विद्युद्भारित अणु, म्हणजेच आयन, सुटूं लागतात. ते जंतूच्या आवरणाला आणि त्याच्या प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना चिकटतात व त्याचे सर्व व्यवहार बंद पाडतात. कण जितके बारीक, तितका तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग मोठा. म्हणून ते बहुधा १०० नॅनोमीटरहून लहान करतात. मीटरचे शंभर कोटी भाग केले असतां एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुख्यतः जी चांदी कापड सोडते, तीच काम करते. आणि जी सोडून गेली, ती परत येत नाहीं. २००८ सालीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्य विद्यापीठांतील बेन व वेस्टरहॉफ या संशोधकांनीं बाजारांतील चांदीयुक्त मोजे शुद्ध पाण्यांत वारंवार धुवून पाहिले. कांहीं मोज्यांतील जवळजवळ सर्व चांदी चार धुण्यांतच निघून गेली. कांहींतून मात्र ती नांवापुरतीच निघाली. फरक होता तो कण धाग्यांत कसे बसविले याचा.

ही चांदी जाते कोठें? मोरींतून गटारांत. मैलापाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांत तिचा बराच अंश गंधकाशीं संयोग पावून गाळांत बसतो व पुष्कळसा निरुपद्रवी होतो. पण जेथें सांडपाणी तसेंच नदींत सोडलें जातें, तेथें ती जलचरांच्या वाट्याला येते.

दुसरा धोका जंतूंच्या अंगवळणी पडण्याचा. १९७५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत बोस्टन येथील भाजलेल्या रुग्णांच्या विभागांत आढळलेल्या साल्मोनेला जंतूंची हकीकत आली. ते सिल्व्हर नायट्रेटला दाद देत नव्हते. शिवाय ॲम्पिसिलिन व क्लोरॅम्फेनिकॉल या औषधांनाहि जुमानीत नव्हते.

म्हणून चांदी टाकाऊ ठरते असें मुळींच नाहीं. भाजलेल्या जागीं कातडीचें संरक्षण नाहींसें झालेलें असतें. तेथें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, मोजके दिवस, चांदीचें मलम किंवा पट्टी लावणें हा तिचा उचित उपयोग होय. परंतु धडधाकट माणसाच्या रोजच्या मोज्यांतील जंतूंसाठीं साबण, पाणी आणि दोरीवरचें कडक ऊन एवढें सैन्य पुरेसें आहे. तरीहि असें वस्त्र घ्यावेंसें वाटलें, तर कोणता धातु आहे आणि किती धुण्यांपर्यंत त्याचा गुण टिकतो, हें दुकानदारास अवश्य विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, तर साधें सुती कापड घेऊन घरीं यावें. शस्त्र प्रभावी असेल, तर तें खऱ्या प्रसंगासाठीं राखून ठेवण्यांतच शहाणपण आहे.