कानातला रातकिडा आणि मळणीचा हंगाम



सोयाबीनची सोंगणी झाली, सुड्या लागल्या की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव मळणीयंत्राची, म्हणजे आपल्या हडंब्याची, घरघर सुरू होते. एरवी या दिवसांत मी आपल्याशी बियाण्याची ओल, मळणीचे फेरे आणि साठवण यांविषयी बोलतो. आज मात्र धान्याविषयी न बोलता धान्य काढणाऱ्याच्या कानाविषयी बोलणार आहे.

चिखली तालुक्यातील एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून निघालो होतो. एक वयस्क शेतकरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, माह्या कानात रातकिडा घुसला हो. रातरात झोपू देत नाही. घरच्याईले सांगतलं नाही, येड लागलं म्हणतीन." पंधरा-सोळा हंगाम त्यांनी भाड्याच्या हडंब्यावर काढले होते. दोन वर्षे हा त्रास त्यांनी एकट्याने सोसला होता. मी त्यांना सांगितले, "काका, हे वेड नाही. हाच रातकिडा माझ्याही कानात आहे."

ते खरेच आहे. कृषी महाविद्यालयात शिकत असताना सुटीत घरच्या मळणीवर हडंब्यात पेंढ्या टाकण्याचे काम मी दोन हंगाम केले. संध्याकाळी कान बधिर व्हायचे, सकाळी मोकळे व्हायचे. एका सकाळी ते मोकळे झाले, पण बारीक शिटी मागे राहिली. ती आजही आहे.

हा आवाज येतो कोठून?

आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक लहान अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार नाजूक केसपेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला खबर देतात. वाऱ्याने एकदा लवलेला गहू पुन्हा उभा राहतो, पण रोज तुडवला तर कायमचा लोळतो. या पेशींचेही तसेच आहे. गव्हाची पेरणी पुढच्या वर्षी पुन्हा करता येते. माणसाच्या कानातील मेलेली केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाही.

मग बाहेर शांतता असताना आवाज का येतो? रेडिओवर स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो आणि खरखर मोठी होते. कानाकडून खबर कमी येऊ लागली की मेंदूही असाच आपला आवाज वाढवतो. तीच ही किर्रकिर्र, शिटी किंवा घुंघुं. डॉक्टर याला कर्णनाद म्हणतात.

मोठा आवाज हे एकच कारण नव्हे. कानात साचलेला मळ, कान फुटणे, वाढते वय, रक्तदाब, रक्ताची कमतरता यांमुळेही कान वाजतो. काही औषधांनीही वाजतो, उदाहरणार्थ ॲस्पिरिनची मोठी मात्रा किंवा जेंटामायसीनसारखी इंजेक्शने. म्हणून तपासणी न करता आपल्याच मनाने कारण ठरवू नये.

किती आवाज जास्त समजावा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, असे तज्ज्ञ मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. बिनकेबिनचा ट्रॅक्टर जोरात चालू असून त्यावर हडंबा लावलेला असला, की जवळचा आवाज बहुतेक वेळा नव्वदीच्या वर जातो. आणि आपण तेथे दिवसदिवस उभे असतो.

मोजायला यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक समजावा. काम संपल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटले किंवा वाजले, तर त्या दिवशी कानावर भार पडलाच.

मळणीच्या वेळी काय करावे?

१. कानात फोमचे बोळे घालावेत किंवा इअरमफ लावावा. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढावी, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवावा. तो फुगून बसतो. हात स्वच्छ असावेत. कान फुटलेला असेल तर बोळा घालू नये, इअरमफ वापरावा.

२. कानाभोवती गमछा किंवा उपरणे गुंडाळून यंत्राजवळ जाऊ नये. त्याने आवाज थांबत नाही, उलट टोक पट्ट्यात सापडून जीव जातो. बायांनी पदर खोचून, केस बांधूनच काम करावे.

३. कानात बोळे असल्यावर हाक ऐकू येणार नाही. म्हणून सुरुवातीलाच खुणा ठरवाव्यात. एक हात वर केला की यंत्र बंद. ट्रॅक्टरवाल्याने टाकणाऱ्यावरची नजर हटवू नये.

४. टाकण्याचे काम पाळीपाळीने करावे. ज्याचे काम नाही त्याने यंत्रापासून लांब बसावे. मोकळ्या रानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भाकरी खायला आणि लेकरू निजवायला जागा दूरच्या झाडाखाली करावी.

५. ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढू नये, फुटला असेल तर बदलावा. बेअरिंगला ग्रीस द्यावे, सैल पत्रे आवळावेत. आवाज कमी होतो, यंत्रही टिकते.

६. शाळकरी मुलांना हडंब्यावर उभे करू नये. त्या काकांचा सोळा वर्षांचा नातू त्या हंगामात त्यांच्याच जागी उभा होता. "पोरगं दणकट हाये," ते म्हणाले. दंड दणकट असतो, काका, कान नसतो.

लग्नाच्या वरातीतील डीजे आणि दिवाळीतील सुतळी बॉम्ब यांचीही गणती यातच करावी. दिवसभर हडंबा आणि रात्री डीजे म्हणजे कानाला विश्रांतीच नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, ते आपल्याच कानांसाठी आहेत.

कान वाजू लागला असेल तर

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि गरज पडल्यास जिल्हा सामान्य रुग्णालयातील कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. मळ असेल तर तो डॉक्टर काढतील. काडी, पिन, गरम तेल, लसणाचा रस यांतले काहीही कानात घालू नये. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने ऐकणे सुधारते आणि पुष्कळांचा आतला आवाजही दबतो.

पुढील लक्षणांत मात्र थांबू नये : एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे, फक्त एकाच कानात आवाज येणे, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे, चक्कर, कानातून पू किंवा रक्त, तोंड वाकडे होणे. अचानक ऐकू येईनासे झाले किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर उपचाराचा गुण कमी येतो.

आवाजाने झालेला कर्णनाद हमखास बंद करणारे औषध आजमितीस नाही. बाजारात कोणी तसे तेल किंवा पुडी विकत असेल तर सोयाबीनचे पैसे त्याला देऊ नयेत. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही, असे नव्हे.

रात्री अगदी सामसूम असली की आवाज मोठा वाटतो. पंखा चालू ठेवावा किंवा रेडिओ अगदी बारीक आवाजात लावावा. झोपेची वेळ ठरलेली असावी. आवाजाकडे कान देऊन तो वाढला की कमी झाला हे तपासत बसू नये. पहिल्यांदा पाणचक्कीशेजारी राहायला आलेल्या माणसाला झोप येत नाही, वर्षाने तिची घरघर त्याच्या ध्यानातही राहत नाही. मेंदूला तशी सवय लागते. त्याला काही महिने लागतात. माझी शिटी अजून आहे, पण दिवसाचे कितीतरी तास ती मला आठवत नाही.

आणि मुख्य म्हणजे घरात सांगावे. झोप नाही, वर कर्ज आणि भावाची चिंता, अशा वेळी मन खचते. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच घटकेला जवळच्या माणसाला सांगावे किंवा टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही शासकीय सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येते.

त्या काकांनी त्याच संध्याकाळी घरी सांगितले. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "रातकिडा हाये अजून, पण आता तो एकट्या माहा नाही राह्यला." नातवाच्या कानात पिवळे बोळे होते आणि तो मला दुरून हात वर करून खूण करत होता.

या हंगामात बारदाना, ताडपत्री आणि ग्रीस यांच्या यादीत फोमचे बोळेही लिहून ठेवा. मळणी सुखरूप पार पडो.